आकाशातील ओलीस

मुलांनो, बेलपाड्याच्या माणसांना विमान ही आता लांबची गोष्ट राहिलेली नाही. आपल्याच पनवेल तालुक्यात, उलव्याजवळ, नवी मुंबईचा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. तुमच्यापैकी कोणाचे मामू दुबईला नोकरीला असतील, कोणाची दादी उमऱ्याला जाऊन आली असेल. विमानातून पहिल्यांदाच प्रवास करून आलेल्या माणसाला विचारा, "कसे वाटले?" तो ढगांचे वर्णन करील, पण त्याआधी थोडी तक्रार करील. दारातच तिकीट आणि ओळखपत्र पाहिले, बॅग यंत्रातून घातली, खिशातली नाणी काढायला लावली, कमरेचा पट्टा सोडायला लावला, वर अंगावरून हात फिरवून तपासले. दादीच्या पानाच्या डब्यातला अडकित्तासुद्धा काढून ठेवला! साध्यासुध्या माणसांवर इतका अविश्वास कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर पन्नास-साठ वर्षांच्या एका वाईट इतिहासात आहे. तो इतिहास विमान-अपहरणाचा आहे.

आधी दोन-तीन शब्द समजून घेऊ. 'अपहरण' म्हणजे बळजबरीने पळवून नेणे. उर्दूत आपण त्याला 'अग्वा' म्हणतो. पळवून नेलेल्या माणसांना मागण्या पूर्ण होईपर्यंत अडकवून ठेवतात, तेव्हा त्यांना मराठीत 'ओलीस' म्हणतात. उर्दूतले 'यर्गमाल' ते हेच. त्यांच्या सुटकेसाठी मागितलेले पैसे म्हणजे 'खंडणी', उर्दूत 'तावान'. धाक दाखवून किंवा बळाचा वापर करून विमानाचा ताबा घेणे, त्याला ठरलेल्या ठिकाणाऐवजी भलतीकडेच न्यायला लावणे, म्हणजे विमान-अपहरण. बोलताना लोक सरळ 'हायजॅक' म्हणतात. वर्तमानपत्रांतही तुम्हांला दोन्ही शब्द दिसतील.

अपहरण करणाऱ्यांना विमानच का हवे असते? आगगाडीत काही गडबड झाली, तर साखळी ओढता येते. गाडी थांबते, लोक खाली उतरतात. बस रस्त्याच्या कडेला उभी करता येते. जहाज नांगर टाकून समुद्रात थांबू शकते. विमानाला मात्र थांबता येत नाही. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर, मिनिटाला सुमारे चौदा किलोमीटर वेगाने ते जात असते. बेलपाड्याहून पनवेलला जायला आपल्याला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ते महाराष्ट्राची हद्द ओलांडू शकते. दार उघडून कोणाला बाहेर पडता येत नाही, पोलिसांना बाहेरून आत येता येत नाही. टाकीतले इंधन ठरावीक तासांचेच असते. शेकडो माणसांचे प्राण पुढच्या छोट्या खोलीत बसलेल्या दोन-तीन वैमानिकांच्या हातात असतात. त्या खोलीत एक हत्यारबंद माणूस शिरला, की सगळे विमानच त्याचे कैदी होते. शिवाय विमानात अनेक देशांचे लोक असतात, त्यामुळे अनेक सरकारांवर एकाच वेळी दबाव आणता येतो. हे सारे हिशेब करूनच गुन्हेगार विमान निवडतात.

पूर्वी विमानात चढणे आजच्या बसमध्ये चढण्याइतके सोपे होते. तिकीट दाखवायचे आणि शिडी चढायची, सामान कोणी उघडून पाहत नसे. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत एकट्या अमेरिकेत शंभराहून अधिक विमान-अपहरणे झाली. शेवटी जानेवारी १९७३ पासून तेथे प्रत्येक प्रवाशाची झडती सक्तीची झाली. त्याआधी, डिसेंबर १९७० मध्ये, हॉलंडमधील हेग या शहरात अनेक देशांनी मिळून एक करार केला होता. विमान पळवणारा कोणत्याही देशात सापडला, तरी त्या देशाने त्याच्यावर खटला चालवावा किंवा त्याला संबंधित देशाच्या हवाली करावे, असे त्यात ठरले.

भारतालाही याचा चटका बसला. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' नावाचे छोटे विमान दोन तरुणांनी लाहोरला नेले. प्रवासी सुखरूप परतले, पण विमान तेथे जाळण्यात आले. पुढे १० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून जयपूर आणि आपल्या औरंगाबादमार्गे मुंबईला येणारे विमान पळवून लाहोरलाच नेण्यात आले. औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या वेळी पाकिस्तानी अधिकाऱ्यांनी मोठी हुशारी दाखवली. अपहरणकर्त्यांना पिण्यासाठी दिलेल्या पाण्यात त्यांनी गुंगीचे औषध मिसळले आणि एकही प्रवासी न दगावता सर्वांची सुटका केली.

प्रत्येक वेळी अशी हुशारी उपयोगी पडत नाही. दुसऱ्याच वर्षी, २८ सप्टेंबर १९७७ रोजी, जपान एअरलाइन्सचे एक विमान मुंबईहून उडाले. ते पॅरिसहून टोकियोला चालले होते. मुंबई सोडून थोडा वेळ होतो न होतो, तोच 'जपानी रेड आर्मी' या संघटनेच्या पाच जणांनी त्याचा ताबा घेतला आणि ते बांगलादेशात ढाक्याला उतरवले. विमानात दीडशेहून अधिक माणसे होती. साठ लाख डॉलर खंडणी आणि जपानच्या तुरुंगातील साथीदारांची सुटका, अशी त्यांची मागणी होती. माणसाचा जीव पृथ्वीपेक्षाही मोलाचा आहे, असे म्हणून जपानच्या पंतप्रधानांनी पैसे आणि कैदी दोन्ही दिले. ओलीस जिवंत सुटले. पण सुटलेले कैदी आणि मिळालेले पैसे पुढे कोणत्या कामाला लागतील, हा प्रश्न उरलाच. सरकारने अशा वेळी झुकावे की नाही? यावर जगात आजही एकमत नाही. ज्यांची आई किंवा मूल त्या विमानात आहे, त्यांचे उत्तर आणि दूर बसून विचार करणाऱ्याचे उत्तर एकच असेल, असे मला वाटत नाही.

आता एक हकिगत जरा सविस्तर सांगतो, कारण तिचा आरंभ आपल्या मुंबईतच झाला.

५ सप्टेंबर १९८६. पहाटेच्या अंधारात पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचे एक प्रचंड विमान मुंबईहून निघाले. कराची आणि फ्रँकफर्टमार्गे ते न्यूयॉर्कला जाणार होते. विमानातील परिचारकांची प्रमुख होती नीरजा भनोत. ती मुंबईत शिकलेली मुलगी. दोन दिवसांनी तिला तेवीस वर्षे पूर्ण होणार होती. कराचीला विमान थांबले. काही प्रवासी उतरले, नवे चढत होते. एवढ्यात विमानतळाच्या सुरक्षारक्षकांच्या गाडीसारखी दिसणारी एक गाडी विमानाजवळ येऊन थांबली. तिच्यातून रक्षकांच्याच वेषातील चार माणसे उतरली आणि गोळ्या झाडत शिडीवरून आत घुसली. आता विमानात साडेतीनशेहून अधिक प्रवासी ओलीस होते.

नीरजाने आणि तिच्या साथीदारांनी पहिल्या काही क्षणांत वैमानिकांना खबर पोहोचवली. विमानाच्या पुढच्या खोलीला छताजवळ आपत्काळात बाहेर पडण्याचा मार्ग असतो. त्या मार्गाने तिन्ही वैमानिक दोराच्या साहाय्याने खाली उतरून निघून गेले. आजही कोणी कोणी विचारतात, प्रवाशांना सोडून वैमानिक पळाले कसे? पण थोडा विचार करा. वैमानिकच नसतील, तर विमान उडणार कसे? ते जमिनीवरच राहिले. आकाशात असते तर त्याचे काय झाले असते, याची कल्पना न केलेली बरी. मात्र त्यामुळे आत उरलेल्या माणसांची सारी जबाबदारी त्या परिचारकांवर, म्हणजे विशी-पंचविशीतल्या मुला-मुलींवर, येऊन पडली.

अपहरणकर्त्यांना अमेरिकन प्रवासी वेगळे काढायचे होते. त्यांनी सर्वांचे पासपोर्ट गोळा करण्याचा हुकूम सोडला. परिचारिकांनी पासपोर्ट गोळा केले, पण त्यांतले अमेरिकन पासपोर्ट गुपचूप आसनांखाली आणि कचऱ्याच्या डब्यात दडवले. सुमारे सतरा तास असे गेले. रात्री विमानातली वीज पुरवणारे यंत्र बंद पडू लागले, दिवे मंदावले, आणि अंधारात घाबरलेल्या त्या चौघांनी ओलिसांवर गोळ्या झाडल्या, हातबाँब फेकले. नीरजाने संकटकाळाचे दार उघडले. तेथून उडी टाकून ती सर्वांआधी बाहेर पडू शकली असती. ती आत राहिली, लोकांना बाहेर काढत राहिली, आणि तेथेच गोळी लागून मरण पावली. त्या रात्री सुमारे वीस जणांचे प्राण गेले, पण शेकडो वाचले. भारताने तिला मरणोत्तर अशोकचक्र दिले. पाकिस्ताननेही तिचा 'तमगा-ए-इन्सानियत' देऊन गौरव केला. या नावाचा अर्थ तुम्हांला वेगळा सांगायला नको.

या घटनेतील एक बाब लक्षात घ्या. ते चौघे तिकीट काढून आले नव्हते. रक्षकाचा वेष आणि रक्षकासारखी गाडी, एवढ्यावर ते थेट विमानापर्यंत पोहोचले होते. म्हणूनच आज विमानतळावर केवळ प्रवाशांची तपासणी होत नाही. सामान चढवणारा हमाल, झाडणारा कामगार, विमानात जेवण पोहोचवणारी गाडी, सगळ्यांना वेगळे परवाने असतात आणि त्यांचीही झडती होते. विमान आणि त्याचा परिसर आकाशात जाण्याआधी, जमिनीवरच राखावा लागतो, हे सुरक्षेच्या साऱ्या व्यवस्थेचे मूळ आहे.

भारतात या कामाची आखणी 'नागरी विमान सुरक्षा ब्यूरो' हे सरकारी खाते करते. विमानतळांवर प्रत्यक्ष पहारा पूर्वी राज्यांचे पोलीस देत असत. मग १९९९ साल आले. २४ डिसेंबरला काठमांडूहून दिल्लीला येणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान पाच जणांनी पळवले. अमृतसर, लाहोर, दुबई असे फिरत ते अफगाणिस्तानात कंदाहारला गेले. एका नवविवाहित तरुणाला त्यांनी ठार केले. आठ दिवसांनी, ३१ डिसेंबरला, भारत सरकारने तीन कैदी सोडले, तेव्हा ओलीस सुटले. अमृतसरला विमान जवळपास पाऊण तास जमिनीवर उभे होते आणि तरी त्याला अडवता आले नाही, याची हळहळ कित्येकांना अजून वाटते. १९९३ मध्ये त्याच अमृतसरला राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंनी दुसऱ्या एका विमानात शिरून सर्व प्रवासी सोडवले होते. कंदाहारच्या घटनेनंतर २००० सालापासून देशातील विमानतळांचा पहारा हळूहळू केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात आला. खाकी गणवेशातील ज्या जवानांना तुमचे नातेवाईक विमानतळाच्या दारावर पाहतात, ते बहुतेक ठिकाणी याच दलाचे असतात.

विमान पळवणारा माणूस नेहमी एकाच देशाचा किंवा एकाच धर्माचा असतो, असे काही लोक समजतात. वर आलेल्या हकिगतींत जपानी होते, हे तुम्ही वाचलेच. १९८१ मध्ये मुंबईकडे येणारे एअर इंडियाचे विमान सेशेल्स बेटावरून दक्षिण आफ्रिकेत दरबानला पळवले, ते गोरे भाडोत्री सैनिक होते. आणि १९७८ मध्ये कोलकात्याहून लखनौमार्गे दिल्लीला जाणारे विमान भोलानाथ आणि देवेंद्र पांडे या दोघांनी वाराणसीला नेले, तेव्हा इंदिरा गांधींची तुरुंगातून सुटका करा, अशी त्यांची मागणी होती. त्यांच्याजवळची पिस्तुले खेळण्यातली निघाली! कोणी जखमी झाले नाही. पुढे दोघेही उत्तर प्रदेशाच्या विधानसभेवर निवडून गेले. हे वाचून हसू येते. पण हजारो फुटांवर बसलेल्या प्रवाशाला ते पिस्तूल खोटे आहे, हे कसे कळणार? म्हणून लहान मुलांची खेळण्यातली बंदूकही आज विमानात हातात नेऊ देत नाहीत.

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत जे घडले, त्याने तोवरचे सगळे आडाखे चुकवले. एकोणीस जणांनी चार विमाने पळवली. त्यांना खंडणी नको होती की कैद्यांची सुटका नको होती. त्यांनी विमानांचाच शस्त्र म्हणून वापर केला, आणि जवळजवळ तीन हजार माणसे मेली. मेलेल्यांत निरनिराळ्या धर्मांचे लोक होते, मुसलमानही होते. त्याआधी वैमानिकांना शिकवले जाई, की अपहरणकर्त्याशी वाद घालू नका, तो सांगेल तिकडे विमान न्या आणि सुखरूप उतरवा. त्यानंतर वैमानिकांच्या खोलीचे दार गोळीलाही न जुमानणारे, आतून बंद होणारे करण्यात आले. बाहेर काहीही होवो, ते दार उघडायचे नाही.

पण प्रत्येक उपायातून एखादी नवी अडचण निघते. २४ मार्च २०१५ रोजी युरोपात एका विमानाचा मुख्य वैमानिक थोडा वेळ खोलीबाहेर गेला असता, सहवैमानिकाने आतून दार लावून घेतले आणि विमान मुद्दाम आल्प्स पर्वतावर आदळवले. दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. जे दार गुन्हेगाराला बाहेर ठेवण्यासाठी केले होते, त्याने कप्तानालाच बाहेर ठेवले.

आता दारातली ती तपासणी नेमकी काय करते, ते पाहू. ज्या चौकटीतून आपण चालत जातो, तिच्यात तारेची वेटोळी असतात. त्यांतून वीज सोडली, की चौकटीत सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली, की तिच्यातही क्षीण विजेचे प्रवाह सुरू होतात, त्यामुळे क्षेत्र किंचित बिघडते आणि चौकट 'टीं' असा आवाज करते. पट्ट्याचे बक्कल, किल्ल्या, नाणी यांनीही ती वाजते, म्हणून ती आधी काढायला लावतात. धातू नसलेल्या वस्तूंना मात्र ही चौकट ओळखत नाही, म्हणून हाताने तपासणे चुकत नाही. स्त्रियांची तपासणी पडदा लावलेल्या वेगळ्या जागेत आणि महिला जवानच करतात. घरातील बुरखा घेणाऱ्या बाईंना हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे त्यांना संकोच वाटणार नाही. बॅगेची तपासणी क्ष-किरणांनी होते. कपडे, कागद, खाण्याचे पदार्थ यांतून हे किरण सहज पार जातात, धातूंत अडतात. त्यावरून यंत्र पडद्यावर चित्र रंगवते. कपडे-खाणे नारिंगी आणि धातू निळे दिसतात. पडद्यासमोरच्या जवानाला काही क्षणांत, रंग आणि आकार पाहून, बॅग सोडायची की उघडायची हे ठरवावे लागते. परदेशी जाणाऱ्या विमानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी पाण्याची किंवा अत्तराची बाटली जवळच्या पिशवीत चालत नाही. २००६ मध्ये लंडनमध्ये द्रवरूप स्फोटके विमानात नेण्याचा कट पकडला गेला, तेव्हापासूनचा हा नियम आहे.

इतके करूनही आकाशात संकट आलेच, तर वैमानिकाजवळ एक मूक उपाय असतो. प्रत्येक विमानातून जमिनीवरच्या रडारला एक चार आकडी संकेत जात असतो. वैमानिकाने तेथे ७५०० हा आकडा लावला, की तोंडाने एक शब्दही न बोलता जमिनीवरच्यांना समजते, की विमानाचे अपहरण झाले आहे.

अपहरणाची खोटी धमकी हाही याच विषयाचा भाग आहे, आणि तुमच्या वयाच्या मुलांशी त्याचा संबंध आहे. ३० ऑक्टोबर २०१७ रोजी मुंबईहून दिल्लीला निघालेल्या विमानाच्या शौचालयात एक चिठ्ठी सापडली. विमानात अपहरणकर्ते आहेत, खाली बाँब आहे, असे तिच्यात लिहिले होते. विमान अहमदाबादला उतरवून शोधले, काहीही सापडले नाही. चिठ्ठी इंग्रजीत आणि उर्दूत होती. आपली उर्दू वाचून लोकांची नजर कोणाकडे वळली असेल, ते तुम्ही ओळखू शकता. पोलिसांनी मात्र मुंबईच्या एका व्यापाऱ्याला पकडले, ज्याचा उर्दूशी काही संबंध नव्हता. २०१६ च्या नव्या विमान-अपहरणविरोधी कायद्यानुसार विशेष न्यायालयाने २०१९ मध्ये त्याला जन्मठेप आणि पाच कोटी रुपये दंड ठोठावला. २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पुरावा पुरेसा नाही म्हणून त्याला निर्दोष सोडले. म्हणजे ती चिठ्ठी कोणी ठेवली, हे न्यायालयात आजही सिद्ध झालेले नाही.

हा कायदा खरे अपहरण आणि अपहरणाची धमकी दोन्हींना लागू होतो. ओलिसाचा किंवा सुरक्षा जवानाचा जीव गेला, तर फाशीची शिक्षाही होऊ शकते. तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातील विमानांना बाँबच्या शेकडो खोट्या धमक्या आल्या. १४ ऑक्टोबरला मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले विमान अशाच एका संदेशामुळे दिल्लीला उतरवावे लागले. म्हातारी माणसे, तान्ही मुले, सर्वांना खाली उतरवून विमानाचा कोपरान्‌कोपरा तपासला. काही निघाले नाही. मुंबई पोलिसांनी त्या दिवसांतील धमक्यांच्या प्रकरणी शोध घेत घेत छत्तीसगड गाठले आणि तेथून ताब्यात घेतला तो एक अल्पवयीन मुलगा होता.